कल्याणचा टायरकॉर्ड खटला

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागाल, तेव्हा करारातले गोपनीयतेचे कलम वाचूनच सही करा. आपले बहुतेक विद्यार्थी फक्त पगाराचा आकडा पाहतात!

कल्याणजवळ सेंच्युरी कंपनीने टायरकॉर्डचे परदेशी तंत्र गुप्ततेच्या अटीवर आणले होते. १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर नेमलेले शिफ्ट सुपरवायझर गोलिकरी पुढच्याच वर्षी कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले; पगार ५६० रुपये. कंपनी कोर्टात गेली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाईहुकूम कायम ठेवला, पण कराराच्या उरलेल्या मुदतीपुरताच, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत. मुदत संपल्यावरही दुसरीकडे काम करू नका, ही अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही; गुपित न फोडण्याचे बंधन मात्र नोकरीनंतरही राहते.