फटफटीवरील विजेची कुळकथा



गेल्या जून महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलीवरून लडाखला निघाला. निघण्यापूर्वीं तो गाडी घेऊन माझ्या दारीं आला. पुढें दोन जादा दिवे, मोबाइल फोनला वीज पुरविणारी खोबण, थंडींत हात उबदार ठेवणाऱ्या मुठी, असा बराच सरंजाम त्यानें नव्यानें बसवून घेतला होता. "गुरुजी, तुम्ही एकदां नजर घाला," असें तो म्हणाला. मी शाळेंत विज्ञान शिकवीत असें, हें त्याचें एक कारण. दुसरें पुढें ओघानें येईलच. त्या तारा पाहतां पाहतां जो इतिहास मनांत उभा राहिला, तोच आज आपणांपुढें ठेवावा असें योजिलें आहे.

फटफटी जन्मली तेव्हां तिचा विजेशीं कांहींच संबंध नव्हता. १८८५ सालीं जर्मनींत डाइमलर व माइबाख यांनीं जी लाकडी सांगाड्याची दुचाकी चालविली, तिच्या इंजिनांतील वायु पेटविण्याचें काम एक तापवून लाल केलेली नळी करी. वीज आली ती सुमारें दहा वर्षांनीं, फ्रान्समधील द दियों-बुताँ यांच्या लहान इंजिनाबरोबर. त्यांत बॅटरी व कॉइल यांच्या साह्यानें ठिणगी पाडीत; परंतु चालत्या गाडीवर ती बॅटरी पुन्हां भरण्याची सोय नव्हती. शिदोरी संपली कीं प्रवास संपला! या अडचणींतून सुटका केली ती मॅग्नेटोनें. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत १९०२ सालीं गोटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिन फिरे, त्याबरोबर लोहचुंबकाजवळील वेटोळें फिरे, आणि ठिणगी आपोआप उत्पन्न होई. बॅटरी नको, तिची काळजी नको. जुने फटफटीवाले बॅटरीकडे पुढें कित्येक वर्षें संशयानें पाहत, त्याचें मूळ येथें आहे.

मग रात्रीं उजेड कशाचा? तर कार्बाइडच्या दिव्याचा. वरच्या कप्प्यांतून पाण्याचा थेंब खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडे, त्यांतून ॲसिटिलीन वायु निघे, आणि तो जळून पांढराशुभ्र प्रकाश देई. माझ्या लहानपणीं जत्रेंतल्या दुकानांवर असले दिवे असत. त्यांचा तो उग्र वास अजून माझ्या नाकांत आहे. या दिव्यांत एक मोठा गुण होता. किती कार्बाइड घातला, किती उरला, हें डोळ्यांस दिसे. विजेचा खर्च मात्र कोणास दिसत नाहीं, आणि पुढचा सारा घोटाळा या न दिसण्यांतून झाला आहे.

त्याचें पहिलें ठळक उदाहरण अमेरिकेंतलें. स्प्रिंगफील्ड येथील इंडियन मोटारसायकलीच्या कारखान्यानें १९१४ सालीं 'हेंडी स्पेशल' नांवाची गाडी काढली. विजेचे दिवे आणि विजेनेंच इंजिन सुरू करण्याची सोय तिला होती. कॅडिलॅक मोटारीस तशी सोय दोनच वर्षांपूर्वीं मिळालेली. कल्पना उत्तम, परंतु त्या वेळच्या बॅटऱ्यांना तो भार आणि रस्त्यांचे धक्के सोसेनात. गाडी लवकरच मागें घ्यावी लागली. पुढें विजेचा आरंभक हा मोटारसायकलीचा नित्याचा भाग व्हावयास जवळजवळ अर्धें शतक जावें लागलें. दिव्यांचें मात्र तसें झालें नाहीं. हार्ले-डेव्हिडसननें १९१५ सालींच आपल्या एका नमुन्यास विजेचे दिवे दिले. आणि १९२० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या लूकस कारखान्याचा मॅगडायनो, म्हणजे मॅग्नेटो व डायनामो यांचा जोडगोळा, घरोघरच्या फटफटीवर जाऊन बसला. दाब ६ व्होल्ट. पुढें त्या घराण्यांतील चांगल्या डायनामोची कमाई झाली ६० वॅट. आपल्या घरांतील जुन्या पिवळ्या गोळ्याएवढीच!

आतां आपण माझ्याबरोबर थोडें गणित करावें. ३० वॅटचा दिवा ६ व्होल्टांवर लाविला तर तारेंतून ५ अँपिअर प्रवाह जातो. तोच दिवा १२ व्होल्टांवर लाविला तर अडीच. तारेंत जी उष्णता उत्पन्न होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत होते, हा नियम इंग्लंडांतील ज्यूल यांनीं १८४० च्या सुमारास प्रयोगानें दाखविला. म्हणजे दाब दुप्पट केला कीं त्याच तारेंतील तापणें चौथाईवर येतें. ६ व्होल्टांची जागा १२ व्होल्टांनीं घेतली, त्यामागें हेंही एक मोठें कारण आहे.

या गणितांत एक धडा दडलेला आहे, तो मला फार उशिरां कळला. ६ किंवा १२ व्होल्टांनीं मनुष्यास झटका बसत नाहीं. म्हणून घरच्या विजेस जो भितो, तोच मनुष्य गाडीच्या विजेस खेळणें समजतो. पण जाळण्याचें काम दाब करीत नसून प्रवाह करतो. इंजिन सुरू करतांना मोटारसायकलीची लहानशी बॅटरीही क्षणभर शंभराच्या घरांत अँपिअर देऊं शकते. ती शक्ति जाड तारेंतून आरंभकाकडे गेली तर इंजिन फिरतें; दिव्याच्या बारीक तारेंतून सरळ सांगाड्यांत उतरली तर ती तार निखाऱ्यासारखी लाल होते.

१९८७ सालच्या डिसेंबरांत मी सपत्नीक कोल्हापुराहून रत्नागिरीस निघालों होतों. गाडी जुनी, ६ व्होल्टांची. घाटांतल्या धुक्यासाठीं म्हणून एका कारागिराकडून मीं एक जादा दिवा व मोठा भोंगा बसवून घेतला होता. तार थेट बॅटरीपासून निघून टांकीखालून हँडलाजवळ गेलेली. मध्यें फ्यूज नाहीं. कारागिरानें विचारलें होतें; "दोन रुपयांची वस्तु कशाला?" असें म्हणालों तो मीच. आंबा घाटांत वळणावळणांवर हँडल फिरून तारेवरचें वेष्टन घासलें, तांब्याचा गांठ सांगाड्यास पडली, आणि रबर जळल्याचा वास आला. दिवे गेले. टांकीच्या पोटाखालून धूर निघत होता, आणि त्या टांकींत सात-आठ लिटर पेट्रोल! पत्नीस दूर उभें करून मीं बॅटरीवरची तार हातानें ओढली. ती तेथें नुसती पिळून अडकविली होती, म्हणून एका हिसक्यांत सुटली. पक्की बसविलेली असती तर पान्हा शोधण्यांत काय झालें असतें, याचा विचार मी आजही करीत नाहीं. उजव्या आंगठ्यावरचा डाग आहे. माझ्या विद्यार्थ्यांनीं तो पाहिलेला आहे; लडाखला जाणाऱ्याला माझीच आठवण व्हावी, त्याचें दुसरें कारण तें हेंच.

फ्यूज ही वस्तु कांहीं नवी नव्हती. एडिसन यांनीं १८९० सालीं तिचें पेटंट घेतलें होतें. आणि त्याच्याही आधीं, १८४७ त, तारायंत्राचें विजेपासून रक्षण करण्यासाठीं मध्यें बारीक तारेचा तुकडा घालावा असें फ्रान्समधील ब्रेगे यांनीं सुचविलें होतें. मुद्दाम दुर्बल ठेवलेला दुवा, एवढीच ती युक्ति. तरीही कित्येक जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींवर एकही फ्यूज नसे, आणि जेथें असे तेथें तो उडाल्यावर सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून बसविणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नव्हते. पहारेकऱ्यास हांकलून त्याच्या जागीं त्याचा अंगरखा टांगावा, तसलाच हा प्रकार.

१९६९ सालच्या होंडा सी. बी. ७५० या गाडीनें १२ व्होल्टांची वीज आणि विजेचा आरंभक मोठ्या मोटारसायकलींत रूढ केला. त्यानंतरची प्रगति आपण पाहतच आहां. आज प्रवासी मोटारसायकलीचें यंत्र कांहींशें वॅट वीज निर्माण करतें, म्हणून लोकांस वाटतें कीं आतां कशास हिशेब? परंतु खर्चही वाढला आहे. आपल्या देशांत १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही आपोआप लागतो. इंधन सोडण्याचें कामही वीजच पाहते. २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांवरील नव्या गाड्यांना चाक अडकूं न देणारे ब्रेक सक्तीचे आहेत, त्यांनाही वीज हवी. शिवाय इंजिन मंद फिरतांना कमाई घटते. पुण्यामुंबईच्या गर्दींत तासभर रांगत गेलेली गाडी कित्येकदां बॅटरीचें मुद्दल खात असते.

आतां त्या विद्यार्थ्याच्या गाडीकडे येतों. त्याचे दोन्ही दिवे १८-१८ वॅटचे, म्हणजे मिळून ३ अँपिअर. हें कांहीं अवजड नव्हतें. दिव्यांच्या वाटेवर रिले होता. तारायंत्रांतील दुबळ्या प्रवाहानें दुसरा प्रवाह सुरू करण्याची जी जुनी युक्ति, तीच ही. किल्ली बंद होतांच दिवेही बंद होतात, आणि मुख्य प्रवाह हँडलावरच्या नाजूक बटणांतून जात नाहीं. परत येणारी तार सांगाड्यास न जोडतां बॅटरीच्या ऋण टोंकाला नेली होती, हेंही चांगलें. नाहीं तर हँडलाच्या खोबणींतील वंगणानें माखलेल्या गोळ्यांतून विजेनें वाट काढावी लागते. फ्यूजही होता. पण तो बसविला होता दिव्याजवळ!

"बाळ, हा फ्यूज कोणाचें रक्षण करतो?" असें मीं विचारलें. "दिव्यांचें," असें तो म्हणाला. तो वर्गांतही असाच घाईनें उत्तर देई. फ्यूज हा दिव्यासाठीं नसून तारेसाठीं असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा जो तुकडा, तो निराधार राहतो. त्या गाडींत तो चांगला चार फूट होता आणि नेमका टांकीखालून जात होता. आम्ही प्रथम बॅटरीचें ऋण टोंक सोडविलें, फ्यूज उचलून धन टोंकापासून वीतभर अंतरावर आणला, आणि १५ अँपिअरचा काढून ५ चा घातला. पिळून बांधलेले दोन सांधे तोडून तेथें दाबून बसविणाऱ्या टोप्या घातल्या. मग हँडल डावीउजवीकडे पूर्ण फिरवून तारा कोठें ताणतात किंवा चिमटतात तें पाहिलें, आणि नंतरच त्या बांधल्या. या सर्वाला एक सकाळ लागली. उबदार मुठींची तार मात्र कारागिराऐवजीं कारखान्यानेंच दिलेल्या जोडापासून घेतली होती; तिला आम्ही हात लाविला नाहीं.

निघतांना मीं त्यास एका लहान डबींत पांच अँपिअरचे सहा फ्यूज दिले. ऑगस्टांत तो परत आला तेव्हां डबींत पांच होते. सामानाच्या पट्ट्याखालीं तार चिरडून झोजी लाच्या अलीकडे एके संध्याकाळीं जादा दिवे अचानक गेले, असें तो म्हणाला. मुख्य दिवा चालूच होता. सोनमर्गला पोहोंचून त्यानें तार दुरुस्त केली, दुसरा फ्यूज घातला, आणि जेवावयास गेला.