खोबणीतील मूठ आणि लाकडी फर्मा : कारागिरीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित साधन

तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी प्रथम मोठ्या यंत्रांकडे जावी हे स्वाभाविक आहे. वाफेचे इंजिन, यंत्रमाग वा लेथ यांचे शोधक ज्ञात असतात, त्यांची पेटंटे नोंदलेली असतात आणि त्यांचे नमुने संग्रहालयांत जपलेले असतात. परंतु सुताराच्या वा लोहाराच्या कामाच्या जागी भिंतीला टांगलेली जी असंख्य लहान साधने असतात, त्यांना असे भाग्य लाभत नाही. अशा साधनांतील एक म्हणजे फर्मा. कारखान्यातील मंडळी यालाच जिग म्हणतात. एकच आकार अनेक वेळा, एकाच जागी आणि एकाच मापाने कापता यावा म्हणून हत्याराला वाट दाखविणारी ही चौकट होय. ती कारागीर स्वतःच टाकाऊ लाकडातून तयार करतो आणि काम संपल्यावर पुष्कळदा जाळूनही टाकतो. म्हणूनच ती इतिहासात आढळत नाही. लाकडात मूठ बसविण्यासाठी खोदावयाची खोबण या एका मर्यादित उदाहरणाच्या आधारे या साधनाचा इतिहास पाहिला, तर कारागिरी व यंत्र यांच्या संबंधाविषयी रूढ झालेली एक समजूत तपासून घेणे भाग पडते.

1. प्रवासी खणपेटी आणि तिची मूठ

खोबणीत बसणाऱ्या मुठीचे ठळक उदाहरण म्हणजे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी वापरलेले प्रवासी फर्निचर. हिंदुस्थानात नोकरीस येणाऱ्या अधिकाऱ्याला जहाजावरील आपली खोली व छावणीतील तंबू बहुधा स्वतःच्या खर्चाने सजवावा लागे. त्यासाठी केलेली खणांची पेटी दोन भागांत विभागता येत असे. तिचे पाय पिळून काढता येत आणि कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत. उंटाच्या पाठीवर वा बैलगाडीत लादताना बाहेर आलेली कोणतीही वस्तू अडकते, मोडते किंवा शेजारच्या सामानास घासते. म्हणून खणांच्या मुठी लाकडाच्या पृष्ठभागाशी समपातळीत बसविण्याची पद्धत रूढ झाली. हे सामान इंग्लंडात बनत असे, तसेच हिंदुस्थानात सागवानातही बनत असे. लंडन येथे 1871 साली स्थापन झालेल्या आर्मी अँड नेव्ही सहकारी संस्थेने 1891 साली मुंबईत आपली शाखा उघडली, यावरून या ग्राहकवर्गाचे महत्त्व ध्यानात येते.

अशा पेटीत वर दोन आखूड व खाली तीन लांब खण ही मांडणी नेहमी आढळते. आखूड खणास एक व लांब खणास दोन मुठी धरल्या, तर एका पेटीस आठ खोबणी लागतात. प्रत्येक खोबणीला किमान दोन खोल्या असतात : पितळी पत्रा समपातळीत यावा म्हणून काठाशी एक उथळ पायरी, आणि बोटे शिरण्यासाठी केलेली पितळी वाटी सामावावी म्हणून मध्ये एक खोल पोकळी. पायरी अर्ध्या मिलिमीटरने जरी अधिक खोल गेली, तरी पत्रा आत बुडालेला दिसतो. उथळ राहिली, तर मुठीचा मूळ हेतूच विफल होतो. करवतीने वा रंध्याने हे काम होत नाही, कारण खोबण चारही बाजूंनी बंद असते. पटाशीने कडा उभ्या कापून, मधले लाकूड काढून आणि तळ हातहत्याराने सपाट करूनच ती पुरी करावी लागते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. एकाच आकाराच्या आठ खोबणी करावयाच्या असता जुन्या सुताराने फर्मा का केला नसावा? याचे उत्तर लाकडात नसून पितळेत आहे. वाळूच्या साच्यात ओतून मग कानशीने घासलेल्या दोन मुठी तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून कुशल सुतार प्रत्यक्ष ती मूठ लाकडावर ठेवी, तिच्या कडेने सुरीने रेघ मारी आणि त्या रेघेपर्यंत कापी. त्यामुळे प्रत्येक खोबण त्या एका मुठीचीच होऊन राही. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : जी वस्तू खोबणीत बसवावयाची ती एकसारखी असेल, तरच एकसारख्या खोबणीला अर्थ प्राप्त होतो. फर्म्याचा इतिहास हा वस्तुतः एकसारख्या सुट्या भागांच्या इतिहासाचा एक अध्याय आहे.

2. पोर्टस्मथ : कप्पीच्या चाकातील खोबण

लाकडातील खोबण यंत्राने व मोठ्या प्रमाणावर कापण्याचा प्रसिद्ध प्रयोग फर्निचरच्या क्षेत्रात नव्हे, तर इंग्लंडच्या आरमारात झाला. शिडाच्या मोठ्या युद्धनौकेस शेकडो लाकडी कप्प्या लागत. मार्क इझंबार्ड ब्रुनेल याने या कप्प्या बनविण्याची यंत्रमालिका योजली. आरमारी बांधकामांचा प्रमुख निरीक्षक सॅम्युएल बेंथम याने तिला पाठिंबा दिला. आणि हेन्री मॉडस्ले याने ती प्रत्यक्ष घडविली. 1802 नंतरच्या काही वर्षांत पोर्टस्मथच्या गोदीत ही यंत्रे उभी राहिली, आणि 1808 साली तेथील उत्पादन वर्षाला सुमारे 1,30,000 कप्प्यांवर गेले. पूर्वी 110 माणसांना लागणारे काम आता 10 माणसे करू लागली, असा या यंत्रांविषयीचा हिशेब नेहमी दिला जातो.

या मालिकेतील एक यंत्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. कप्पीचे चाक लिग्नम व्हायटी या अतिकठीण लाकडाचे असे आणि त्याच्या मध्यभागी काशाचा तुकडा बसविला जाई. तो लाकडात फिरू नये म्हणून त्याला तीन गोलाकार पाकळ्या असत. तेवढ्याच आकाराची खोबण चाकात कापण्यासाठी एक स्वतंत्र यंत्र होते. फिरते पाते किती वळावे व कोठे थांबावे हे यंत्राच्या रचनेनेच ठरविलेले असे. चालविणाऱ्याच्या हाताला तेथे निर्णयास वाव नव्हता.

बेंथमच्या मनात हीच कल्पना आधीपासून होती. 1793 साली त्याने घेतलेल्या विस्तृत पेटंटात लाकूडकामाच्या अनेक यंत्रांचा विचार आढळतो. आणि त्याचा बंधू, तत्त्वचिंतक जेरेमी बेंथम, याच्या नियोजित आदर्श तुरुंगात अकुशल कैद्यांकडून काम करून घेण्याच्या योजनेशी या यंत्रांचा निकट संबंध होता. कौशल्य माणसाच्या हातातून काढून यंत्रात साठविले की हात कोणाचेही चालतील, असा त्यामागील विचार होय. यंत्रयुगाने कारागिरी नष्ट केली ही रूढ समजूत मुख्यतः अशाच उदाहरणांवर उभी आहे.

3. स्प्रिंगफील्ड : बंदुकीचा दस्ता

हाच विचार अमेरिकेत बंदुकीच्या दस्त्याच्या संदर्भात पुढे गेला. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असे, आणि त्याच्या बाजूस चापाची सर्व यंत्रणा सामावणारी खोबण करावी लागे. तिचा आकार वेडावाकडा, निरनिराळ्या खोलींचा आणि पटाशीने करण्यास अतिशय कष्टाचा. मॅसॅच्युसेट्समधील टॉमस ब्लँचर्ड (1788–1864) याने 1819 साली अनियमित आकार घडविणाऱ्या लेथची योजना मांडली. तिच्यात एक चाक लोखंडी नमुन्यावरून फिरे आणि त्याच्या हालचालीनुसार पाते लाकूड कापी. 1820 नंतरच्या दशकात त्याने स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात दस्त्याच्या निरनिराळ्या क्रियांसाठी यंत्रांची एक मालिकाच उभारली. खोबण कापणाऱ्या यंत्रात मार्गदर्शक खिळा लोखंडी नमुन्याच्या पोकळीत फिरविला जाई आणि फिरते पाते तीच पोकळी लाकडात उमटवी. आजच्या सुताराच्या फर्म्याचे तत्त्व येथे पूर्णपणे सिद्ध झालेले दिसते.

मात्र चापाची यंत्रणा जोपर्यंत हाताने घासून जुळविलेली होती, तोपर्यंत एकसारख्या खोबणीचा लाभ अपुराच राहणार होता. या अडचणीवर हार्पर्स फेरी येथे जॉन हॉल याने मूलभूत विचार केला. एखादा भाग यंत्रात प्रत्येक क्रियेच्या वेळी निरनिराळ्या बिंदूंवर टेकविला, तर प्रत्येक वेळची सूक्ष्म चूक पुढच्या चुकीत मिळते. म्हणून सर्व मापे एकाच ठरावीक आधारबिंदूपासून घ्यावीत, असे त्याचे सूत्र होते. 1826–27 च्या सरकारी तपासणीत त्याच्या रायफलींचे भाग एकमेकांत मिसळूनही पुन्हा जुळले. पुढे 1842 च्या नमुन्याच्या बंदुकीपासून स्प्रिंगफील्ड येथेही सुट्या भागांची अदलाबदल शक्य झाली.

या प्रगतीची साक्ष ब्रिटिश निरीक्षकांनी दिली आहे. 1854 साली अमेरिकेस गेलेल्या समितीने स्प्रिंगफील्ड येथे 1844 ते 1853 या दहा वर्षांतील प्रत्येक वर्षाची एक, अशा दहा बंदुका निवडल्या. त्यांचे भाग सुटे करून मिसळले, आणि कामगाराने केवळ स्क्रू पिळण्याच्या साधनाने त्या पुन्हा जोडून दाखविल्या. यानंतर एनफील्डच्या सरकारी कारखान्यासाठी अमेरिकन यंत्रे मागविण्यात आली.

4. फर्मा पुन्हा कारागिराच्या हाती

येथवरच्या इतिहासात नमुना, यंत्र व उत्पादन ही तिन्ही राज्यसंस्थेच्या हाती होती. त्यानंतरचा अध्याय मात्र उलट दिशेने जातो आणि म्हणूनच तो फारसा लिहिला गेलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातात धरता येण्याजोगा विजेचा राउटर प्रचारात आला. 1929 साली स्टॅन्ले कंपनीने कार्टरचा राउटरचा व्यवसाय विकत घेतल्यानंतर त्याचा प्रसार वाढला. दुसरीकडे, कारखान्यात बनलेल्या मुठी आता एकसारख्या मिळू लागल्या होत्या. ब्लँचर्डच्या यंत्रास लागणारी लोखंडी चौकट अनावश्यक झाली. प्लायवूडचा एक तुकडा पुरेसा ठरला.

असा फर्मा घरच्या घरी करण्याची रीत पाहिली म्हणजे त्यातील विचार स्पष्ट होतो. राउटरच्या तळाशी बसविलेली बुश ही कडी फर्म्याच्या काठावरून सरकते आणि पाते तिच्या मध्यातून खाली उतरते. समजा, बुशचा बाहेरचा व्यास 16 मिलिमीटर आणि पात्याचा 10 मिलिमीटर आहे. मग पाते फर्म्याच्या काठापासून नेहमी 3 मिलिमीटर आत राहील. म्हणजे 90 × 60 मिलिमीटरच्या खोबणीसाठी फर्म्याचे छिद्र 96 × 66 मिलिमीटरचे हवे. छिद्र अखंड तुकड्यात कोरण्यापेक्षा चार पट्ट्या मापाने कापून एकमेकींस चिकटविल्या, तर कडा सरळ व कोपरे काटकोनी मिळतात. पत्र्याची उथळ पायरी व वाटीची खोल पोकळी यांची रूपरेषा भिन्न असल्याने त्यांना दोन फर्मे लागतात, आणि दोहोंचा मध्य एकच असावा लागतो. शेवटी फर्म्याच्या खालच्या बाजूस एक अटकाव पट्टी ठोकतात. ती प्रत्येक खणाच्या त्याच एका कडेला टेकते. हॉलच्या आधारबिंदूचे सूत्रच येथे, त्याचे नावही ठाऊक नसलेल्या कारागिराच्या हातून, पाळले जाते.

यात कौशल्य नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. ते काळाच्या दृष्टीने अलीकडे सरकले आहे. पटाशीने काम करणारा सुतार आठ वेळा निर्णय घेई आणि आठही वेळा चुकण्याचा धोका पत्करी. फर्मा करणारा एकदाच निर्णय घेतो. परंतु त्या निर्णयातील चूक फर्मा आठही खणांवर तितक्याच इमानाने उमटवितो. म्हणूनच जाणता कारागीर प्रथम टाकाऊ फळीवर खोबण कापून मूठ बसवून पाहतो, आणि मगच खऱ्या खणास हात लावतो.

5. पुराव्याचा प्रश्न

फर्मे टिकत नाहीत. मग त्यांचा इतिहास कशावरून लिहावा? उत्तर असे, की खोबण हाच त्याचा पुरावा आहे. मूठ काढून पाहिली असता पटाशीने केलेल्या खोबणीचे आतील कोपरे तीक्ष्ण आढळतात, कडेला सुरीच्या रेघेचे अवशेष दिसतात आणि तळावर सरळ खुणा असतात. फिरत्या पात्यास तीक्ष्ण आतील कोपरा करता येत नाही. 10 मिलिमीटर व्यासाचे पाते 5 मिलिमीटर त्रिज्येचा कोपरा मागे ठेवते आणि तळावर वर्तुळखंडांच्या खुणा उमटविते. तथापि केवळ एका लक्षणावरून निर्णय करणे धोक्याचे आहे. गिरमिटाने टोके पाडलेल्या खोबणीचे कोपरेही गोल असू शकतात, आणि राउटरने केलेले कोपरे मागाहून पटाशीने काटकोनी करता येतात. खरी कसोटी तुलनेची आहे. एकाच पेटीच्या सर्व खोबणी मोजाव्यात. त्या एकमेकींशी जुळत असतील तर फर्म्याचे, आणि प्रत्येक खोबण आपापल्या मुठीशीच जुळत असेल तर हाताच्या आखणीचे अनुमान सयुक्तिक ठरते. जुन्या पेटीवर पुढे बसविलेल्या नव्या मुठी ओळखण्यासही ही पद्धत उपयोगी पडते.

या विवेचनातून रूढ समजुतीला एक दुरुस्ती सुचते. यंत्राने कौशल्य हिरावून घेतले की नाही, हा प्रश्न जसा मांडला जातो तसा अपुरा आहे. पोर्टस्मथ, स्प्रिंगफील्ड आणि घरगुती कामाची जागा या तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच आहे : हत्याराची वाट आधी ठरवून ठेवणे. भेद आहे तो ती वाट कोण ठरवितो यात. पोर्टस्मथच्या दहा कामगारांना ती आखून मिळाली. खणाच्या मुठीसाठी प्लायवूडच्या चार पट्ट्या जोडणारा सुतार ती स्वतः आखतो. कौशल्याच्या इतिहासात म्हणूनच हत्यार कोणाच्या हाती होते एवढे नोंदवून भागत नाही. फर्मा कोणी केला, याचाही शोध घ्यावा लागतो.