वेब्ली रिव्हॉल्व्हर: मावलेले काडतूस, न मावलेला दाब

नट बोल्टवर सहज बसला म्हणजे जोड भार पेलेल, असे तुम्ही वर्कशॉपमध्ये गृहीत धरत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विकल्या गेलेल्या शिलकी रिव्हॉल्व्हरांबाबत मात्र नेमके हेच झाले.

वेब्ली मार्क ६ हे ब्रिटनने १९१५ मध्ये स्वीकारलेले .४५५ चे रिव्हॉल्व्हर. ब्रिटिश भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांकडेही वेब्ली असत. अमेरिकेत त्याची काडतुसे दुर्मीळ, पण लष्करी पिस्तुलाचे .४५ एसीपी मुबलक. व्यापाऱ्यांनी मग वेब्लीच्या सिलिंडरची मागची बाजू तासली.

तासायचे कारण असे. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. तिच्यामुळे ते सिलिंडरच्या घरात अडकून राहते. एसीपीला ती नाही. १९१७ च्या अमेरिकी लष्करी रिव्हॉल्व्हरांत यासाठी तीन काडतुसे धरणारी अर्धचंद्राकृती पत्र्याची क्लिप वापरत. वेब्लीत तिच्या जाडीपुरती जागा हवी होती. युक्ती झकास होती, हे मान्य करू.

गफलत दाबात होती. .४५५ चा दाब दर चौरस इंचाला सुमारे १३ हजार पौंड, तर .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१ हजार. (दाब मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, म्हणून हा भागाकार दशांशापर्यंत नेऊ नका.) १९१७ च्या रिव्हॉल्व्हरांत हा दाब हिशेबात धरला होता, वेब्लीच्या सिलिंडरच्या भिंती आणि बिजागरी आखताना नव्हता. ‘माझ्याकडून शंभर गोळ्या झाडल्या, काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे. धातूचा थकवा तुम्ही शिकला आहात.

स्मिथ अँड वेसनच्या व्हिक्टरी मॉडेलची अडचण वेगळी. ब्रिटनला दिलेल्या या रिव्हॉल्व्हरांत .३८ एस अँड डब्ल्यू काडतूस चाले. नंतर लांब .३८ स्पेशलसाठी अनेकांची घरे पुढे खोल केली. पण जुन्या पुंगळीचा व्यास सुमारे ९.८ मिलिमीटर, नव्या पुंगळीचा ९.६. घराचा मागचा भाग रुंदच राहिला आणि बार उडताच पितळी पुंगळी तिथे फुगू लागली, कधी चिरू लागली. दोन्ही काडतुसांच्या नावात ३८ आहे, एवढेच त्यांचे साम्य.

म्हणून संग्रहालयातला असा नमुना अभ्यासताना नळीवरच्या शिक्क्यावर थांबू नका. शिक्का कारखान्याचा असतो, सिलिंडर मात्र नंतर कुणाच्या तरी लेथवर जाऊन आलेला असू शकतो.