पदयात्रा, दान आणि हिशेब

एखाद्या सत्कार्यासाठी निधी उभारावयाचा आणि त्यासाठी तरुणांनी डोंगरवाटांनी पायी प्रवास करावयाचा, ही कल्पना आता उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही नगरांतील मंडळांस नवी वाटत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या पश्चिमेस मलंगगड, तावली, चंदेरी अशी डोंगररांग उभी आहे. सुटीच्या दिवशी पहाटेच्या लोकलने पाठीवर पिशव्या घेतलेली मुले-मुली तिकडे निघालेली दिसतात. चालणाऱ्याने चालावे, परिचितांनी दर किलोमीटरमागे ठराविक रक्कम द्यावी आणि जमलेला निधी रुग्णालयास अथवा गरजू विद्यार्थ्यांस पोचवावा, असा हा व्यवहार असतो. तो पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आला, असे बहुतेकांचे मत आहे. ते निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्याचा इतिहास मराठी मुलखातच घडलेला असून त्यात विश्वस्तांनी व चालणारांनी पाहण्याजोगे बरेच आहे.

पाश्चात्त्य बाजूचे सर्वांत ठळक उदाहरण कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचे होय. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. कर्करोग संशोधनासाठी देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कृत्रिम पायाने धावण्याचा संकल्प त्याने केला. त्याआधी वर्षाहून अधिक काळ त्याने सराव केला आणि त्या सरावातच पाच हजार किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. १२ एप्रिल १९८० रोजी तो निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याने त्यास थांबावे लागले व पुढील वर्षी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर, एवढेच त्याचे मागणे होते. फेब्रुवारी १९८१ पर्यंत दोन कोटी चाळीस लाख डॉलरांहून अधिक निधी जमला. कॅनडाची लोकसंख्याही त्या वेळी साधारण तेवढीच होती. त्याच सुमारास, १९८१ मध्ये, हाँगकाँग येथे गुरखा सैनिकांच्या सरावातून शंभर किलोमीटरांची धर्मादाय पदयात्रा सुरू झाली आणि पुढे ती अनेक देशांत पसरली.

माणशी एक डॉलर या मागणीने आज जग भारावते. परंतु माणशी एक पैसा मागणारा गृहस्थ महाराष्ट्रात त्याच्याही पाऊणशे वर्षे आधी होऊन गेला. अंताजी दामोदर काळे हे त्यांचे नाव. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली. देशी उद्योग उभारावेत, त्यासाठी धनिकांच्या दाराशी न जाता प्रत्येकाकडून एक पैसा घ्यावा, अशी ती योजना होती. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे असत. म्हणजे चौसष्ट माणसांपुढे हात पसरावा तेव्हा एक रुपया पदरी पडे. व्यापारी दृष्टीने पाहता वसुलीचा याहून महागडा मार्ग सुचणार नाही! तरीही काळे गावोगाव हिंडले आणि १९०८ साली तळेगाव येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तेथे काचकाम शिकलेले कारागीर पुढे ठिकठिकाणी गेले. कोकणात संगमेश्वरच्या व्यापाऱ्यांनी ‘व्यापारी पैसा फंड’ या नावाने संस्था काढून शाळा चालविली, ही गोष्ट व्यापारी वाचकांस विशेष रुचावी.

कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र जैन समाजास परिचित आहे. त्यामुळे येथे विस्तार नको. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांनी मुष्टी फंड सुरू केला. गृहिणीने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि ते संस्थेसाठी गोळा करावयाचे. धान्य अपुरे पडले तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांसाठी दिले. मूठ लहान असते, परंतु ती रोज निघते व ती काढणाऱ्या घरास वसतिगृहाची आठवण रोज राहते, हे या योजनेचे मर्म होते.

या परंपरेतील सर्वांत मोठी पदयात्रा मात्र आचार्य विनोबा भावे यांची, आणि हिशेबाचा सर्वांत मोठा प्रश्नही तिच्यातच निर्माण झाला. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या खेड्यात झाला. बदलापूरच्या रहिवाशांस हे गाव दूर नाही. भूदान यात्रेस ते निघाले तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते, पोटाचे जुने दुखणे होते आणि आहार मुख्यतः दूध-दह्याचा व अल्प होता. असा मनुष्य तेरा वर्षे रोज दहा-बारा मैल कसा चालला, हे कोडे अनेकांस पडते. त्याचे उत्तर १९५१ च्या आधीच्या काळात आहे. १९४६ ते १९४८ या काळात पवनार आश्रमातून सुमारे तीन मैलांवरील सुरगाव येथे ते खांद्यावर फावडे घेऊन नित्य पायी जात. तेथील रस्त्यांवरील मैला साफ करीत आणि पायीच परत येत. पाऊस असो वा ऊन, हा क्रम चुकला नाही. पुढे आश्रमात बैलांशिवाय शेती, स्वतः विहीर खोदणे आणि पैशाचा वापर टाळून राहणे, हे प्रयोग झाले. यांपैकी एकही गोष्ट पदयात्रेची तयारी म्हणून केलेली नव्हती. तथापि मार्च १९५१ मध्ये हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास सुमारे तीनशे मैल पायी जाण्याचे ठरले तेव्हा पाय, पोट व मन तिन्ही तयार होती.

आजच्या तरुणांच्या सरावाशी याची तुलना करण्यासारखी आहे. जाणते गिर्यारोहक सांगतात की, सराव दोन-तीन महिने आधी सुरू करावा, नवे बूट मोहिमेच्या दिवशी प्रथम घालू नयेत आणि पाठीवरील वजन हळूहळू वाढवावे. चढणीइतकाच उतरणीचाही सराव हवा, कारण गुडघे उतारावर बोलू लागतात. हे सर्व योग्यच आहे. मात्र रविवारी पंधरा किलोमीटर आणि उरलेले सहा दिवस गल्ल्यावर बैठक, या पद्धतीने होणारा सराव आणि नित्याची सहा मैलांची पायपीट यांत फार अंतर आहे. जैन घरांतील चालणारांस आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि उकळलेले पाणी हा नियम पाळावयाचा, तर दिवसाची चाल पहाटे लवकर सुरू होऊन दुपारनंतर मुक्कामी संपली पाहिजे. विनोबांचा दिनक्रम असाच होता. पहाटे अंधारात कंदील घेऊन निघावयाचे, ऊन चढण्यापूर्वी पुढील गावी पोचावयाचे आणि रात्री लवकर निजावयाचे. साधू-साध्वींच्या विहाराचे वेळापत्रक ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की साधूंचा विहार चातुर्मासात थांबतो, विनोबा पावसाळ्यातही चालत राहिले.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे हरिजनांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमिनीची मागणी केली. सरकारकडून मिळेल तेव्हा मिळेल, गावातून काही होऊ शकेल काय, असे त्यांनी सभेस विचारले. तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. तेलंगणाच्या त्या फेरीत सुमारे बारा हजार एकर जमीन मिळाली. सप्टेंबर १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून विनोबा दिल्लीस निघाले. तेही पायीच, दोन महिन्यांत पोचले. सहावा वाटेकरी म्हणून जमिनीचा सहावा हिस्सा द्या, असे ते मागत. पाच कोटी एकर हे उद्दिष्ट ठेवले गेले. बिहारमध्ये ते दोन वर्षांहून अधिक काळ फिरले. चांडिल येथे मलेरियाने आजार विकोपास गेला तरी पुढे यात्रा चालूच राहिली. १९५८ साली पंढरपूरच्या संमेलनाच्या वेळी सर्व धर्मांच्या सोबत्यांसह त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले.

आता आकड्यांकडे वळू. देशभरात दान म्हणून जाहीर झालेली जमीन सुमारे ४२ लाख एकर होती. उद्दिष्टाच्या मानाने हा आकडा दहाव्या हिश्श्यासही पोचत नाही, परंतु केवळ पायी फिरून, कायद्याच्या वा शस्त्राच्या धाकाशिवाय एवढी जमीन मिळविल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात शोधूनही सापडणे कठीण. दुखरी जागा पुढे आहे. १९७० च्या सुमारापर्यंत यांतील साधारण तिसरा हिस्साच भूमिहीनांच्या हाती पडला होता. काही जमीन खडकाळ व लागवडीस अयोग्य होती. काही वादात अडकलेली होती. कित्येक दानपत्रांत जमिनीचा नीट तपशील नव्हता, तर कोठे दात्याच्या वारसांनी दान अमान्य केले. बिहारसारख्या राज्यांत त्यासाठी कायदे करून मंडळे नेमावी लागली.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर जाहीर झालेली रक्कम जमा धरली गेली. सभेत टाळ्या पडल्या की आकडा वर्तमानपत्रांत जाई. मोजणी, फेरफार आणि ताबा ही कामे मागाहून येत, व ती करणारी माणसे थोडी होती. त्यातच नोव्हेंबर १९५६ मध्ये तमिळनाडूतील पळणी येथे विनोबांनी भूदान समित्या विसर्जित करण्याचा आणि गांधी स्मारक निधीकडून पैसा न घेण्याचा निर्णय घेतला. तंत्रमुक्ती व निधिमुक्ती ही त्याची नावे. आंदोलन लोकांचे व्हावे, पगारी कार्यालयाचे होऊ नये, हा त्यामागील विचार उदात्तच होता. तथापि वाटप अर्धेही झालेले नसताना दप्तर सांभाळणारी यंत्रणा मोडली, आणि त्याचा फटका विनोबांस बसला नाही, तो जमिनीची वाट पाहणाऱ्या भूमिहीनास बसला. विनोबांविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे लिहिणे प्राप्त आहे.

विशेष म्हणजे अधिक चोख व्यवस्था विनोबांनीच सुचविली होती. संपत्तिदानात दात्याने आपल्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा दरवर्षी काढावयाचा. मात्र ती रक्कम विनोबा स्वतः घेत नसत. ती दात्याकडेच राही, सांगितलेल्या कामी दात्यानेच खर्च करावी आणि हिशेब कळवावा, अशी रीत होती. पैशास तिसरा हात लागत नसल्यामुळे शंकेस जागाच उरत नसे. जमिनीच्या दानाचा जेवढा गाजावाजा झाला त्याच्या शतांशही या योजनेचा झाला नाही. वर्षानुवर्षे चोपडी पूजन करणाऱ्या समाजास मात्र ती सहज उमगेल.

जैन समाजाशी विनोबांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या निमित्ताने, सर्व संप्रदायांस मान्य होईल असा एक ग्रंथ असावा हा आग्रह त्यांचाच होता. त्यातून जिनेंद्र वर्णी यांनी संकलित केलेला व १९७४ च्या संगीतीत सर्वमान्य झालेला ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ सिद्ध झाला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दीपावलीच्या दिवशी, अन्न व औषध वर्ज्य करून विनोबांनी देह ठेवला.

त्यांच्याच सल्ल्याने घडलेली आणखी एक पदयात्रा सांगितली पाहिजे. राजस्थानातील श्रीडुंगरगढ येथे जन्मलेल्या सतीश कुमार यांनी नवव्या वर्षी तेरापंथात दीक्षा घेतली होती. अठराव्या वर्षी ते मुनिसंघातून बाहेर पडले व विनोबांच्या कार्यात आले. १ जून १९६२ रोजी ई. पी. मेनन यांच्यासह ते अण्वस्त्रांच्या विरोधात दिल्लीहून पायी निघाले. जवळ पैसा ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका, असे विनोबांनी त्यांस सांगितले होते. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण या मार्गाने दोघे मॉस्को, पॅरिस व लंडन येथे गेले आणि जहाजाने अटलांटिक ओलांडून वॉशिंग्टनला पोचले. वाटेत सोव्हिएत देशातील एका चहाच्या कारखान्यातील स्त्रियांनी त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या. चार राजधान्यांतील चार नेत्यांस त्या पोचवावयाच्या होत्या: अणुबॉम्बची कळ दाबण्याचा विचार मनात आलाच तर क्षणभर थांबून हा चहा प्यावा. या यात्रेचा खर्च जवळजवळ शून्य आणि जमा रक्कमही शून्य. मुनी असताना नऊ वर्षे केलेला विहार हाच तिचा सराव होता.

उल्हास खोऱ्यातील ज्या मंडळांस अशी एखादी धर्मादाय पदयात्रा योजावयाची असेल, त्यांच्यासाठी वाट जवळच आहे. बदलापूरहून नेरळ, कर्जत, खोपोली करीत पेणच्या रस्त्यास लागले की गागोदे येते. विनोबांच्या चालीने हे तीन-चार दिवसांचे अंतर होय, आणि गावात त्यांच्या नावाचा आश्रम आहे. निघण्यापूर्वी पावतीपुस्तके छापून घ्यावीत व प्रत्येक कबूल रकमेपुढे वसुलीचा रकाना ठेवावा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यानुसार हिशेब तपासून घ्यावा लागतोच. तो देणगीदारांसही छापून पाठवावा, आणि परतल्यानंतर वसुली पूर्ण होईपर्यंत समिती विसर्जित करू नये.