जिवंत काडतूस

जळगाव-धुळ्याच्या वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी अधूनमधून येते : 'गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त.' बातमी चार ओळींची असते आणि आपण ती चहाच्या घोटाबरोबर ओलांडून पुढे जातो. मी मात्र 'जिवंत' या शब्दाशी दरवेळी थबकतो. कविता लिहिणाऱ्याची खोड म्हणा. उडालेल्या काडतुसाला आपण 'मेलेलं' म्हणत नाही, 'रिकामी पुंगळी' म्हणतो. न उडालेलं मात्र जिवंत. हा शब्द कुणी रुजवला असेल तो असो, त्यानं फार नेमकं पाहिलं होतं.

'काडतूस' हा शब्द मुळात पोर्तुगीजांचा. पाव, बटाटा, चावी यांच्याबरोबर तोही आपल्या भाषेत उतरला आणि इतका मुरला की परका वाटत नाही. आजच्या काडतुसात चार जिनसा असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. बोलताना आपण सगळ्यालाच 'गोळी' म्हणतो, पण गोळी हा त्यातला फक्त उडून जाणारा भाग.

दोन-तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत नोकरी करणारा माझा भाचा घरी आला होता. तिकडे त्याला सुटीच्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर जायचा नाद लागलाय. तो सांगत होता की तिकडे सैन्यातून बाद झालेली जुनी काडतुसं किराणा मालासारखी खोक्यानं मिळत आली आहेत. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटल्यावर तिथल्या कोठारांतला माल जगभर विकायला निघाला. ४४० काडतुसांचा सीलबंद पत्र्याचा डबा, गोडेतेलाच्या डब्यासारखा पत्रा कापून उघडायचा. भारतीय बनावटीची जुनी काडतुसंही त्या बाजारात विकली गेली. मग त्यानं विचारलं, "मामू, आपल्या वरणगावात तर काडतुसांचा कारखानाच आहे. जुना माल इथे स्वस्तात का नाही मिळत?"

मिळत नाही, मिळणारही नाही. आणि त्याचं कारण वरणगावच्या कारखान्याहून शंभर वर्षांनी जुनं आहे.

१८५७ मध्ये कंपनी सरकारच्या पलटणींत नवी एनफिल्ड बंदूक आली. तिचं काडतूस कागदी होतं. ते दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी ठासायची. कागदाला लावलेली चरबी गाईची आणि डुकराची असल्याची बातमी छावण्यांतून पसरली. ही दोन नावं एका वाक्यात आली आणि हिंदू व मुसलमान शिपाई एकाच बाजूला उभे राहिले. उठावाची कारणं आणखी पुष्कळ होती, पण ठिणगी काडतुसानं टाकली.

खानदेशात त्या वेळी चित्र दुहेरी होतं. जेम्स औट्रमनं १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी केली होती. धरणगाव हे तिचं ठाणं. ती सरकारच्या बाजूनं राहिली. दुसरीकडे सातपुड्यात सेंधव्याच्या घाटातला खाज्या नाईक. एकेकाळी त्याच घाटाची राखण करणाऱ्या या माणसानं नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरकडून मुंबईला निघालेला सुमारे सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीच्या डोंगरात इंग्रजी फौजेशी त्याच्या लोकांची लढाई झाली. एका बाजूला तिरकमठे आणि तोड्याच्या बंदुका, दुसऱ्या बाजूला शिस्तीनं झाडल्या जाणाऱ्या पलटणीच्या बंदुका. निकाल काय लागला हे सांगायला नको.

या सगळ्यातून इंग्रजांनी जो धडा घेतला तो मला मोठा हुशारीचा वाटतो. बंदूक खेड्यातला कसबी लोहारही बनवील. चांगली बंदूक तीन पिढ्या टिकते, पुरून ठेवली तरी टिकते. काडतूस मात्र एकदा वापरलं की संपलं, आणि ते बनवायला कारखाना लागतो. म्हणजे लगाम धरायचा तर तो काडतुसाचा. १८५७ नंतर लोकांची हत्यारं काढून घेणारे कायदे झाले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. देशी माणसाला परवाना आणि युरोपियनाला सूट असा त्याचा सरळ भेदभाव होता. त्याआधीच, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला होता.

पुढची युक्ती आणखी बारीक आहे. सरकारी कोठारातलं काडतूस चोरीला गेलंच, तर ते खाजगी बंदुकीत बसताच कामा नये! सैन्याच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचं माप पॉइंट ४५०, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात त्या मापाच्या खाजगी रायफलींवर बंदी आली. विलायतेतल्या बंदूकवाल्यांची पंचाईत झाली. वाघाच्या शिकारीला येणाऱ्या साहेबांसाठी त्यांनी पॉइंट ४६५, पॉइंट ४७० अशी नवी मापं काढली. सैन्याची नवी रायफल पॉइंट ३०३ ची, आपण जिला 'थ्री नॉट थ्री' म्हणतो ती. खाजगी माणसाला त्याऐवजी पॉइंट ३१५ मिळाली. आठ मिलिमीटरची ही रायफल आजही परवानाधारकाकडे दिसते आणि तिची काडतुसं खडकीत बनत आली. पोलिसांवरही पूर्ण भरवसा नव्हताच. त्यांच्यासाठी थ्री नॉट थ्रीचीच नळी मोठी करून, आतल्या चक्राकार खाचा काढून टाकून, पॉइंट ४१० ची मस्केट तयार केली. लांबवर नेम लागू नये आणि सैन्याचं काडतूस तिच्यात चालू नये, अशी दुहेरी सोय.

अशा बंदोबस्तातही खानदेशानं माणसं गमावली. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या पोरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार आणि त्याचे चार साथीदार गेले. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळ्याच्या जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यात चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ ला साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि खानदेशातले कार्यकर्ते यांनी साडेपाच लाखांचा सरकारी खजिना ताब्यात घेतला. खाज्या नाईकाच्या लुटीनंतर शंभर वर्षंही झाली नव्हती.

दुसरं महायुद्ध संपलं आणि आपल्याकडेही जुना लष्करी माल बाजारात आला. म्हाताऱ्या माणसांना 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आठवत असेल. जीपगाड्या, ट्रक, कांबळी, ताडपत्र्या, बूट. आमच्या घरी दोरीच्या कड्यांची एक लाकडी पेटी होती. अब्बांनी ती भुसावळच्या एका भंगारवाल्याकडून घेतली होती. तिच्यावर ३०३ चा आकडा पुसट दिसायचा. आत आम्ही गोधड्या ठेवत असू. पेटी मिळाली, काडतुसं नाही. स्वातंत्र्य आलं तरी हा नियम बदलला नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम यांनी ३०३ आणि ७.६२ ही सैन्याची मापं सामान्य माणसाला वर्ज्यच ठेवली. राज्यकर्ते बदलले, माप तेच राहिलं. यावर मला टीका करावीशी वाटत नाही. इंग्रजांचा हेतू वाईट होता, पण बाजारात खोक्यानं काडतुसं विकणाऱ्या देशातल्या शाळांच्या बातम्या वाचल्या की हा वारसा आपण टाकला नाही हे बरंच झालं असं वाटतं.

१९६२ च्या चीन युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊन हिमालयात उभे होते. त्यानंतर ७.६२ च्या रायफली आल्या आणि १९६४ मध्ये वरणगावचा कारखाना उभा राहिला. भुसावळपासून पूर्वेला, नागपूरच्या रस्त्यावर. परिसरातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली. तिथल्या काडतुसाच्या बुडावर 'ओएफव्ही' ही इंग्रजी अक्षरं आणि वर्ष उमटवलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत गेला.

बुडावरचं हे वर्ष महत्त्वाचं. कारण काडतूस म्हातारं होतं. आतली दारू ही रासायनिक वस्तू, ती हळूहळू विघटित होत असते आणि तिच्यातून आम्ल तयार होतं. ते शोषून घेणारं द्रव्य कारखान्यात मिसळलेलं असतं, पण तेही वर्षागणिक खर्ची पडतं. उष्णतेत हा कारभार झपाट्यानं होतो. म्हणून दारूगोळ्याची कोठारं थंड ठेवतात. आपल्या जळगावच्या ४५ अंशांत पत्र्याखाली ठेवलेलं काडतूस किती लवकर वय चढवत असेल, याचा अंदाज करा.

सैन्याला साठा फिरता ठेवावा लागतो. जुना काढायचा, नवा भरायचा. परदेशात तो स्वस्तात विकला जातो तो याचमुळे, आणि घेणाऱ्यालाही तो डोळे उघडे ठेवूनच वापरावा लागतो. भाचा सांगत होता, तिकडची जाणती माणसं आधी बुडावरचं वर्ष आणि माप वाचतात. आपल्या बंदुकीच्या नळीवर तेच माप कोरलेलं आहे का ते ताडून पाहतात. पोचा आलेलं, पुंगळीला चीर गेलेली, हिरवा कळंक चढलेलं, गोळी सैल झालेली अशी काडतुसं बाजूला काढतात. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर बोंडं लावल्याशिवाय चाप ओढत नाहीत. चाप ओढला आणि नुसतंच 'टक्' झालं तर बंदूक लगेच उघडायची नाही. नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद मोजायचे. जुनी टोपी कधीकधी धुमसत राहते आणि काडतूस उशिरानं उडतं. आवाज दबका आला तर आणखी धोका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फुटते. काडतूस उडताना आत हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब तयार होतो.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली ती आपल्या घरातल्या बायकांना लगेच कळेल. जुन्या टोपीतल्या रसायनातून नळीत एक प्रकारचं मीठ उरतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि लोखंड गंजतं. नुसत्या तेलानं ते जात नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. त्याला पाणीच लागतं. म्हणून जुने शिपाई नळीत उकळतं पाणी ओतायचे, कोरडी करायचे आणि मग तेल लावायचे.

गावठी कट्ट्याला यातला कुठलाच नियम ठाऊक नसतो. सातपुड्यापलीकडे उमर्टीकडून येणाऱ्या कट्ट्यांच्या बातम्या चोपड्याच्या लोकांना नव्या नाहीत. अशा नळीची कुणी चाचणी घेतलेली नसते, काडतूस कुठल्या सालचं हे घेणाऱ्याला माहीत नसतं. तीन हजार पटींचा तो दाब पुढे जायला वाट मिळाली नाही तर मागे येतो. मागे धरणाऱ्याचा हात आणि चेहरा असतो.

आपल्याकडे सैन्याचा जुना दारूगोळा विकत नाहीत, नष्ट करतात. पण नष्ट करणं हेही जिवाशी खेळणंच आहे. वर्धा जिल्ह्यात पुलगावला देशातलं मोठं दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली आणि अधिकारी, जवान, आग विझवायला धावलेले कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्याच पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यांत आसपासच्या खेड्यांतले रोजंदारीवर आलेले मजूर होते. पेट्या उतरवायचं काम होतं ते. अशा मैदानांभोवतीच्या गावांना धातूच्या भंगाराचाही मोह असतो, कारण पितळ-तांब्याला भाव आहे. स्वस्त काडतुसाची खरी किंमत आपल्याकडे अशी वसूल होते, आणि ती भरणाऱ्याच्या हातात बंदूक कधीच नसते.

जुने वाडे पाडताना, विहीर उपसताना, चांदमारीच्या जागेजवळ नांगरताना आजही एखादं काडतूस निघतं. ते दगडावर ठोकून पाहू नये, चुलीत टाकू नये, पितळेच्या मोहानं गोळी उपटू नये, भंगारवाल्याला देऊ नये. उकिरड्यावर किंवा नदीत फेकूनही ते मरत नाही. जिथे आहे तिथेच राहू द्यावं, पोरांना दूर ठेवावं आणि ११२ ला फोन करावा. पुष्कळजण पोलिसांचं नाव घेतलं की घाबरतात. पण नकळत जवळ सापडणं आणि जाणूनबुजून बाळगणं यांत कायदा फरक करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं १९९४ मध्येच ते स्पष्ट केलं आहे. मात्र सापडल्याचं कळल्यावरही कपाटात ठेवून दिलं, तर तो फरक उरत नाही.

आणि ज्यांच्या घरात परवान्याची बंदूक होती व वडीलधारे आता राहिले नाहीत, त्यांनी बंदुकीबरोबर काडतुसांचा डबाही शोधावा. बंदूक सगळ्यांच्या लक्षात राहते, डबा माळ्यावर पडून राहतो. शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे दोन्ही पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतात. काडतुसं मोजून द्यावीत आणि आकडा लिहिलेली पोच घ्यावी.