मेंढा (लेखा)

महाराष्ट्र राज्याच्या गडचिरोली जिल्ह्यातील (धानोरा तालुका) गोंड आदिवासींचे एक लहान गाव. ते गडचिरोलीच्या पूर्वेस सु. ३० किमी. वर आहे. मेंढा नावाची इतरही गावे या भागात असल्याने वेगळेपणासाठी जवळच्या लेखा गावाचे नाव त्यास जोडले जाते. लेखा, मेंढा व कन्हारटोला यांची गट ग्रामपंचायत होती.

नागपूरचे भोसले राज्य १८५३ मध्ये खालसा झाल्यावर हा प्रदेश ब्रिटिशांकडे आला व पुढे मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडू लागला. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. चंद्रपूर जिल्ह्याच्या विभाजनाने २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जमीनदारी उन्मूलनानंतर येथील जंगल शासनाकडे गेले आणि ग्रामस्थांचे निस्तार हक्क आकुंचित झाले. राज्य व जिल्हा बदलूनही हा प्रश्न कायम राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क गावास मिळाले. २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. २०१३ मध्ये ग्रामस्थांनी महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ नुसार आपल्या जमिनी ग्रामसभेस अर्पण केल्या. शेजारच्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या कारभाराचे केंद्र अशा रीतीने त्याची स्वतःची ग्रामसभा ठरली.