क्वाम्बीची कैफियत

बखरींतल्या आणि कैफियतींतल्या ऐकीव मजकुराला पुरावा म्हणावे का, हा आपल्या इतिहासलेखनातला जुना वाद आहे. एका ऑस्ट्रेलियन संगीतरचनेमुळे मला तो नव्याने तपासावासा वाटला.

संगीतकार पीटर स्कल्थॉर्प (१९२९–२०१४) यांचा जन्म टास्मानिया बेटावरच्या लॉन्सेस्टनचा. तिथून पश्चिमेला क्वाम्बी ब्लफ नावाचा डोंगरकडा आहे. लहानपणी वडिलांनी त्यांना त्याची हकिगत सांगितली होती. शिपायांनी मूळ रहिवाशांना कड्यावर कोंडले. एक तर गोळी, नाहीतर कडेलोट. ते ‘क्वाम्बी, क्वाम्बी’ म्हणजे ‘वाचवा, वाचवा’ असे ओरडत राहिले.

हकिगतीला ना तारीख, ना कुणाचे नाव. पण तिच्या भोवतालचा काळ कागदोपत्री पक्का आहे. १८२८ साली गव्हर्नर जॉर्ज आर्थर यांनी लष्करी कायदा पुकारला. १८३० मध्ये शिपाई, कैदी आणि वसाहतवाले अशा सुमारे २,२०० जणांची साखळी करून, शिकारीत उठवतात तसा रानभर हाका उठवला गेला. हाती लागले दोघे. पुढे वाचलेल्यांपैकी बहुतेकांना फ्लिंडर्स बेटावर नेले. तिथे अनेक जण आजारांनी गेले.

१९९८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, स्कल्थॉर्प यांनी आपले चौदावे स्ट्रिंग क्वार्टेट लिहिले आणि त्याला ‘क्वाम्बी’ हेच नाव दिले. वाद्ये चारच: दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. भागही चार. प्रास्ताविक, मग दरी, मग उंच डोंगर आणि शेवटी कडा. बालपणीचा लाडका मुलूख ओलांडल्याशिवाय ऐकणाऱ्याला कड्यापाशी पोचताच येत नाही. स्मरणरंजनाची ही मांडणी मला फार प्रामाणिक वाटते. (पुढच्याच वर्षीच्या ‘माय कंट्री चाइल्डहुड’मध्ये टेकड्या, चर्च, गावातली अंत्ययात्रा, नदी एवढे सगळे आहे, कडा नाही.)

याच क्वार्टेटची पुढे डिजेरीडू या वाद्यासह केलेली आवृत्तीही वाजवली जाते. ती मला तितकीशी रुचत नाही. ते वाद्य उत्तर ऑस्ट्रेलियातले, टास्मानियाच्या लोकांचे नव्हे. शिवाय कैफियत इथे मारल्या गेलेल्यांच्या तोंडची नाहीच. ती शंभरेक वर्षे टिकली ती वसाहतवाल्यांच्या घरांत, बापाकडून लेकाकडे जात. आपल्याच माणसांवर ठपका ठेवणारी गोष्ट कुणी उगाच जपून ठेवत नाही, आणि म्हणून संशोधक या नात्याने मी तिला साक्षीच्या पिंजऱ्यात उभी करीन.